जीव ओतायचा तो कुणासाठी?

ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्तींनी एका मुलाखतीत सांगितलं, की देशातल्या तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करायला हवं. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी तो आकडा 90 वर नेला, रविवारी लोकांना कामावर बोलावता येत नाही याची हळहळ व्यक्त केली, आणि घरी बसून बायकोचं तोंड किती वेळ बघणार, असंही विचारून बसले. पुढं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. एका बाजूला राष्ट्रनिर्माणाचा सूर लागला, दुसऱ्या बाजूला टिंगलटवाळीला ऊत आला. ‘आमच्या वेळी आम्ही ऑफिसातच आडवे व्हायचो’ म्हणणारे काका आणि ‘पगार जेवढा, काम तेवढं, सहा वाजले की लॅपटॉप बंद’ म्हणणारी त्यांची पुतणी, दोघंही अजून आपापल्या जागी ठाण मांडून आहेत.

या भांडणात मला सगळ्यात खटकतं ते हे, की दोन्ही बाजूंच्या हातात एकच माप आहे: घड्याळ. एकाला काटा पुढं ढकलायचाय, दुसऱ्याला मागं ओढायचाय. त्या तासांत जे काम होतं ते कसं होतं, हे विचारायला कुणालाच सवड नाही. माझं म्हणणं असं, की आपल्याकडून होईल तितकं चांगलं काम करण्याची जिद्द ही करणाऱ्याची स्वतःची मिळकत असते. ती मालकाची नाही, कंपनीची नाही, आणि ‘देशासाठी’ म्हणून कुणी मागितली तर देशाचीही नाही. म्हणून ती हुकूम सोडून मिळत नाही. आणि म्हणूनच, मालकावरच्या रागापायी ती टाकून दिली तर नुकसान मालकाचं कमी, आपलं जास्त.

मिरजेत तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा आवाज खुलावा म्हणून घोडीला द्यायचा नेमका घाट, काढताना ज्यानं पाहिलंय त्याला हे फार समजावून सांगावं लागणार नाही. पंढरपूरकडचा भोपळा, लाकडी दांडी, खुंट्या, चार तारा, सगळं जागच्या जागी बसलं तरी वाद्य अजून बोलत नसतं. ते बोलतं घोडीवर. तारा जिच्यावरून जातात ती घोडी वरवर पाहता सपाट दिसते, पण तिला अगदी किंचित उतार असतो. कारागीर तार सैल करून बाजूला सारतो, कानशीचे दोन हलके हात मारतो, पूड बोटानं पुसतो, तार पुन्हा चढवतो, छेडतो आणि मान तिरकी करून ऐकतो. नाही जमलं. पुन्हा तार सैल, पुन्हा कानस. मग तारेखाली सुती दोरा घालून तो केसभर पुढं, केसभर मागं सरकवतो, आणि एका नेमक्या जागी आवाज उघडतो. एका तारेतून किती स्वर निघू शकतात ते तेव्हा कळतं. कानशीचा एक हात जास्त बसला तर मात्र घोडी पुन्हा सपाट करून पहिल्यापासून सुरुवात. आता यात तास कुठं मोजायचे? कधी जवारी लवकर लागते, कधी अख्खा दिवस खाते. बऱ्याच गिऱ्हाइकांना ठीक लागलेली जवारी आणि उत्तम लागलेली जवारी यांतला फरक कळतही नाही. कारागिराला कळतो, आणि हातातलं वाद्य खाली ठेवायचं की नाही ते त्यावरून ठरतं. (पैसे मात्र त्याला बहुतेक वेळा ‘ठीक’च्याच भावानं मिळतात. त्या अन्यायाकडे पुढं येतोच.)

मी म्हणतो ती जिद्द ही. शेजारच्या दुकानाला मागं टाकण्याशी तिचा संबंध नाही. तिची तुलना आपल्याच मागच्या कामाशी.

आता मूर्तींच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेऊ. ते म्हणाले, दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन आणि जपानी लोकांनी असंच जादा काम केलं. गरीब देशाला ढिलाई परवडत नाही, हा त्यातला गाभा मला मान्य आहे. कष्टाशिवाय कुठलाच देश वर आलेला नाही, आणि आपल्याकडे ‘चालतंय की’ या एका वाक्यावर किती पूल, किती रस्ते, किती परीक्षा उरकल्या जातात हे काय कुणाला सांगायला हवं? पण नुसत्या तासांनी समृद्धी येत असती, तर बीडचा ऊसतोड कामगार आज बंगल्यात राहिला असता. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल घेतलेली असते ती फेडायची म्हणून अंधारात फडात उतरायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. या कोयत्यानं 70 चा आकडा कधीच मागं टाकलाय. त्याला राष्ट्रनिर्माणावर बोलायला कुणी मुलाखतीत बोलावत नाही.

आणि जपानचं उदाहरण द्यायचं तर पुरतं द्यावं. युद्धानंतरच्या सुरुवातीच्या काळातही जपानी माणूस राबतच होता, पण त्याचा माल जगाच्या बाजारात स्वस्त आणि तकलादू म्हणूनच ओळखला जायचा. तिथल्या शास्त्रज्ञ-अभियंत्यांच्या संघटनेनं 1950 मध्ये डेमिंग नावाच्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाला व्याख्यानांना बोलावलं, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या नावानं पारितोषिकही सुरू केलं. डेमिंगनं आयुष्यभर जे सांगितलं त्यात ‘जास्त वेळ राबा’ हे कुठंच नव्हतं. त्याचं सांगणं असं, की कामात निघणारे बहुतेक दोष हे कामगाराचे नसून व्यवस्थेचे असतात, आणि व्यवस्था लावणं हे वरच्यांचं काम आहे. टोयोटाच्या कारखान्यात जुळणीच्या रांगेवर एक दोरी टांगलेली असे. कुठल्याही कामगाराला दोष दिसला की त्यानं ती ओढायची. अडचण तिथल्या तिथं सुटली नाही तर सगळी रांग थांबायची. साध्या कामगाराला कारखाना थांबवण्याचा हक्क! आपल्याकडच्या किती कंपन्यांत नुकत्या लागलेल्या पोराला ‘हे चुकतंय, थांबा’ म्हणायची सोय आहे? बरं, कामाच्या अतिरेकानं येणाऱ्या मरणाला ‘करोशी’ हा स्वतंत्र शब्दही त्याच जपानला करावा लागला. तो धडा उदाहरणातून सोयीनं गळतो.

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. दांड्या, भांडणं, दारू, कामात मुद्दाम खोडा, अशी त्याची ख्याती. 1982 मध्ये तो बंद पडला. 1984 मध्ये टोयोटाशी भागीदारी करून तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा घेतलेले बहुतेक कामगार जुनेच होते, युनियनही तीच होती. थोड्याच काळात तिथल्या गाड्या गुणवत्तेत जपानी कारखान्यांच्या बरोबरीला आल्या. माणसं तीच राहिली, फक्त त्यांच्या हातात ती दोरी आली आणि त्यांचं म्हणणं ऐकून घेणारा कुणीतरी समोर आला. आधी आळशी म्हणून हिणवलेल्या त्याच माणसांच्या अंगात चांगलं काम करण्याची इच्छा होतीच, ती मारली कुणी होती?

रविवारबद्दल एवढंच सांगतो, की तो आभाळातून पडलेला नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली, वर्षानुवर्षं सभा घेतल्या, सह्यांचे अर्ज केले, तेव्हा 10 जून 1890 पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. 48 तासांच्या आठवड्यामागं, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना डॉ. आंबेडकरांनी केलेली खटपट आहे. सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यांतली दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तासांवर न्यायला मंजुरी दिली, तेव्हाही आठवड्याच्या 48 ला हात लावायची हिंमत झाली नाही. ही मर्यादा आळशांनी मागितलेली नव्हती; दिवसभर उभं राहून साच्यावर (मागावर) काम करणाऱ्यांनी मागितली होती.

इथवर पुतणी खूश असेल. पण आता तिच्या बाजूचा मुद्दा, आणि तो काकांच्या मुद्द्यापेक्षा भारी आहे. ती म्हणते: मी जीव ओतला तर वाढतो तो मालकाचा नफा. उलट आज मी जास्त केलं की उद्या तेच माझं नेहमीचं काम ठरतं. हे शंभर टक्के खरं आहे, आणि याचं इतिहासातलं सगळ्यात मोठं उदाहरण भांडवलशाहीतलं नाहीच. ऑगस्ट 1935 मध्ये सोव्हिएत खाणकामगार अलेक्सेई स्तखानोव यानं एका पाळीत 102 टन कोळसा काढला, ठरलेल्या कामाच्या चौदापट. देशभर जयजयकार झाला. त्या पाळीत छताला टेकू लावायची कामं दुसऱ्यांनी केली होती आणि सगळा बेत आधीच आखलेला होता, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. पुढच्याच वर्षी कितीतरी उद्योगांत सगळ्यांचेच ठरलेले आकडे वाढवले गेले. एकाचा विक्रम लाखोंच्या पाठीवरचा आसूड झाला. मुंबईच्या गिरण्यांत 1928 चा सहा महिन्यांचा संप कशावरून पेटला? ‘कार्यक्षमते’च्या नावाखाली तेवढ्याच माणसांकडून जास्त साचे चालवून घ्यायचे, यावरून. तेव्हा ज्याला आपल्या जास्तीच्या कामाची धास्ती वाटते त्याला कामचुकार म्हणू नये.

पण यातून ‘म्हणून मी वाईट काम करीन’ हे कसं निघतं? ‘कमी करीन’ निघतं, ‘जादा करणार नाही’ निघतं, ‘संघटना करीन’ तर नक्कीच निघतं. ‘कसंतरी करीन’ हे मात्र निघत नाही, कारण कसंतरी केलेल्या कामाचा फटका मालकाला क्वचित बसतो. तो बसतो रांगेत पुढं उभ्या असलेल्या माणसाला. सातबाऱ्यावर नाव चढवताना कुणीतरी ‘दत्तात्रय’चा ‘दत्तू’ केला, किंवा क्षेत्रातला एक आकडा इकडचा तिकडं झाला. त्या घाईनं सरकारचं काहीच बिघडत नाही. बिघडतं ते शेतकऱ्याचं. पीककर्ज अडतं, विम्याचे पैसे अडतात. मग जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज, सोबत जुने उतारे, फेरफाराच्या नकला, तलाठ्याकडून तहसीलला, तिथून ‘साहेब मीटिंगला गेलेत’. एका माणसाची अर्ध्या मिनिटाची हयगय दुसऱ्या माणसाची अर्धी हंगामाची मजुरी खाते. जिल्हा परिषदेच्या शाळेत, सरकारी दवाखान्यात, रेशनच्या दुकानात हेच. आपल्यातले बहुतेक जण ज्यांच्यासाठी प्रत्यक्ष काम करतात ती माणसं आपल्यासारखीच, किंवा आपल्याहून गरजू असतात. मालकाला धडा शिकवायला निघालेली ढिलाई वाटेत त्यांनाच तुडवते.

तिसरा आक्षेप या दोघांच्याही वादात ऐकू येत नाही, आणि तोच मला सगळ्यात गंभीर वाटतो. ‘आपलं काम मन लावून कर, फळाकडे बघू नको’ हा उपदेश या देशात शतकानुशतकं कुणी कुणाला केला? ज्याच्या वाट्याला मेलेली गुरं ओढणं आलं, मैला वाहणं आलं, त्याला. ऑफिसच्या भिंतींवर आपण सावता माळ्याची कांदा-मुळा-भाजी मोठ्या हौसेनं लावतो. कामातच विठ्ठल पाहणारा तो माळी थोरच. पण त्याच परंपरेतला चोखामेळा आठवा. देवळाची पायरी ज्याला चढू दिली नाही, तो मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून दगडांखाली मेला, असं परंपरा सांगते. त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं, की बाबा, भिंत आणखी मन लावून बांध?

हा आक्षेप उडवून लावता येत नाही, आणि लावूही नये. पण त्याचं उत्तर खुद्द आंबेडकरांच्या मांडणीत आहे. जातीव्यवस्था म्हणजे श्रमविभागणी, या समर्थनाला 1936 मध्ये त्यांनी जो जबाब दिला त्याचा पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो: ही नुसती श्रमांची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे. त्याच्या पुढचा युक्तिवाद कमी लोक वाचतात. ज्या व्यवस्थेत माणसाचं ना मन कामात असतं ना बुद्धी, तिथं कार्यक्षमता येणार कुठून, असा त्यांचा सवाल आहे. म्हणजे चांगलं काम ही त्यांच्या दृष्टीनं उच्चवर्णीय थोतांडाची गोष्ट नव्हती. जातीविरुद्धच्या आरोपपत्रातलं ते एक कलम होतं: ही व्यवस्था माणसाला त्याचं उत्तम काम करूच देत नाही. 1928 च्या संपाच्या वेळी त्यांनी गिरण्यांतला जो प्रश्न लावून धरला तो असाच होता. अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धाग्याची कांडी वाहणाऱ्या धोट्यातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. पगार जिथं चांगला, कसब जिथं लागायचं, तेच दार बंद. आपली कुवत कुठवर जाते हे आजमावून बघायची संधीच या माणसाला मिळत नव्हती. आणि उलट बाजू पाहायची तर पुन्हा मिरजेलाच जावं लागतं. तिथली सितारमेकर घराणी मूळची शिकलगार, हत्यारांना धार लावणारी. हत्यारांचे दिवस सरल्यावर एकोणिसाव्या शतकात ती मंडळी त्यांच्यातल्याच फरीदसाहेबांच्या मागोमाग तंतुवाद्यांकडे वळली. धंदा बदलता आला, म्हणून ती जवारी ऐकायला मिळाली.

तेव्हा ‘आपलं सर्वोत्तम द्या’ असं सांगण्याचा अधिकार कुणाला, याची कसोटी माझ्या लेखी सोपी आहे. काम बदलायची, नाकारायची, चुकीला चूक म्हणायची मुभा ज्याला दिली आहे, त्याच्याकडूनच ही अपेक्षा करा. गटारात दोरी बांधून उतरवलेल्या माणसाकडून उत्तम कामाची अपेक्षा करायची नसते. त्याला वर काढायचं असतं आणि तिथं यंत्र उतरवायचं असतं.

घरातल्या कामाचा विषय या चर्चेत फक्त बायकोच्या तोंडाकडे बघण्यापुरता आला, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवताना दिसल्या, पुरुष 88. नव्वद तास ऑफिसात बसणाऱ्याचा डबा, कपडे, आईची औषधं आणि मुलांचा अभ्यास कुणाच्या 289 मिनिटांवर चालतो? आयुष्याच्या एका कोपऱ्यात पराक्रम गाजवायचा आणि उरलेले सगळे कोपरे दुसऱ्यानं झाडायचे, याला मी तरी उत्तम म्हणणार नाही. बाप म्हणून, मुलगा म्हणून, शेजारी म्हणून आपण किती ‘कसंतरी’ करतो, याचं मूल्यमापन भरायला कुणी एचआर येत नाही, एवढंच.

शेवटी खाशाबा जाधवांबद्दल लिहायलाच हवं, कारण या वादातले सगळे धागे त्यांच्या कहाणीत एकत्र येतात. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान 1948 मध्ये लंडनच्या ऑलिंपिकला गेला तेव्हा मातीतला होता. मॅट त्याच्या पायाखालचं नव्हतं. सहावा आला. पदकांच्या हिशेबात सहावा म्हणजे शून्य. खाशाबांनी मात्र तो हिशेब तिथं सोडला नाही. आणखी चार वर्षं तयारी केली, वजनगटही वरचा घेतला. 1952 च्या हेलसिंकीसाठी सरकारकडे पैसे मागितले तेव्हा हात आखडता घेतला गेला. गावानं वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला 1996 उजाडलं. मधल्या 44 वर्षांत देशात जिद्दीची माणसं नव्हती असं कोण म्हणेल?

हेलसिंकीचा एक तपशील त्यांच्या कहाणीत नेहमी येतो. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता. दमछाक करणारी लांबलेली लढत संपवून खाशाबा बाहेर आले आणि त्यांना लगेच पुढच्या कुस्तीला उभं केलं. नियम दाखवून भांडायला भारताचा एकही अधिकारी जागेवर नव्हता. ती कुस्ती ते हरले. आपल्या माणसांकडून आणखी काय काढून घेता येईल याची चर्चा करणाऱ्यांनी आधी तो अर्धा तास मागायला हजर राहावं, आणि जमलं तर खर्डेकरांसारखं काहीतरी गहाण टाकून दाखवावं. मग 70 की 90 ते बोलू.